सातवा बार

नव्वदनंतर आमच्याकडच्या ऊसवाल्यांना परदेशी अभ्यास दौऱ्यांचं भलतंच वेड लागलं. अभ्यास कसला डोंबलाचा, सगळी हौस! त्या हौसेपायीच बारामतीकडचे आम्ही पंधरा जण मॉरिशसला पोचलो. त्यात मी होतो आणि माझे सख्खे चुलते, तात्या.

उसाचे फड बघून झाल्यावर आम्हाला दक्षिणेच्या किनाऱ्यावर नेलं. हे बेट ज्वालामुखीतून वर आलंय, असं गाईड म्हणाला. वाळू नावाला नाही. नुसते काळेकभिन्न कडे आणि खाली उसळणारा निळा समुद्र. सगळे फोटो काढायला पळाले. तात्यांनी वाकून दगडावर हात फिरवला.

"आरं, ह्यो तर आपल्या हिरीतला पाषाण," ते म्हणाले.

तेवढ्यात खालच्या कपारीत लाट शिरली आणि धाडकन आवाज झाला. पायाखालचा खडक हादरला. माझ्या तोंडून निघालं, "एक." पुन्हा लाट. "दोन." हे माझं जुनं दुखणं. दिवाळीत फटाके वाजले तरी मी मोजत बसतो.

आमच्या गावी, कन्हेरीला, तात्यांच्या विहिरीत खडक फोडायला सुरुंग उडवले, तेव्हापासूनचं हे. आमच्याकडं रीत अशी की वाती पेटवून माणूस वर आला की काठावरच्या एकानंच बार मोजायचे. एक जरी कमी भरला, तर दुसऱ्या दिवसापर्यंत विहिरीत पाय टाकायचा नाही. त्या दिवशी तात्यांनी सात बार भरले होते आणि मोजायला मी होतो. सहा उडाले. टेकाडावरून घुमून आलेला आवाज मी सातवा धरला आणि "सात!" म्हणून ओरडलो. तात्यांचा थोरला, माझ्याच बरोबरीचा, खाली उतरला. राहिलेला बार त्याच्या पुढ्यातच उडाला.

गाव म्हणालं, तात्यांनीच आठ भरून सात सांगितले. तात्या नाही म्हणाले नाहीत. चुलती मरेपर्यंत त्यांच्याशी धड बोलली नाही. आणि मी, नालायक, मूग गिळून बसलो. तात्यांनी खरंच आठ भरले असतील, अशी स्वतःची समजूत घालत राहिलो.

त्या कड्यावर मात्र माझ्यानं राहवलं नाही. "तात्या, सहाच उडाले होते. मी चुकलो."

ते समुद्राकडंच बघत होते. "ठाव हाय. मीबी सहाच मोजले व्हते."

मी गर्रकन त्यांच्याकडं वळलो. "मग त्याला उतरू का दिलंत?"

"तू सात म्हणलास. मला वाटलं, माझंच कान म्हातारं झालं."

मला रडू आवरेना. "निदान चुलतीला तरी सांगायचं, की मी चुकीचं मोजलं!"

"सांगितलं आसतं," तात्या म्हणाले, "तर तिनं इचारलं आसतं, तुमी किती ऐकलं?"