दुमडलेलं पान

वाचनालयाच्या पुस्तकांच्या शेवटच्या पानावर वाचक पेन्सिलीने शेरे मारतात. आज मुद्दाम मागून घेतलेल्या कादंबरीवर एकाने लिहिलंय, 'रटाळ. अर्ध्यावर सोडली.' खाली दुसऱ्याचं उत्तर, 'मग बोलता कशाला?'

मी बायकोचं अक्षर शोधत होतो. कितीही कंटाळवाणी कादंबरी असो, ती संपवायचीच. "अहो, शेवटी तरी काहीतरी घडेल," म्हणायची. दवाखान्यात जाताना हीच कादंबरी तिच्या पिशवीत होती. ती गेली, आणि मी पुस्तक न उघडताच परत केलं.

तिचा शेरा नव्हता. मध्येच एक पान दुमडलेलं होतं, तिच्या सवयीप्रमाणे खालच्या कोपऱ्यात.

"दुसरं देऊ का?" ग्रंथपाल बाई म्हणाल्या. "यात पुढे काहीच घडत नाही म्हणतात."

"ठाऊक आहे," म्हटलं, आणि त्या पानापासून वाचायला लागलो.