सतराव्या किलोमीटरवरचा मयत

नोकरीत मयत लई बघितले. बहुतेकांची तोंडं आता पुसट झालीत. हा एक मात्र जसाच्या तसा डोळ्यापुढं उभा राहतो, कारण त्याच्या तोंडात मी स्वतः बोट घातलं होतं. त्या बोटामुळं एक बाई खुनाच्या आरोपातून वाचली.

मी सातवी पास. शिपाई म्हणून लागलो, सहायक फौजदार म्हणून निवृत्त झालो. लातूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या ठाण्याला जमादार होतो तेव्हाची ही हकीकत. गावाचं आणि माणसांचं नाव सांगणार नाही.

त्या रविवारी गावात पळण्याची स्पर्धा होती, एकवीस किलोमीटरची. पूर्वी आमच्याकडं पळायचे ते फक्त भरतीवाले. आता डॉक्टर, मास्तर, व्यापारी सगळेच पहाटे चड्डी घालून रोडला लागतात. बंदोबस्त माझ्याकडं होता. नांदेड रोडनं निम्मं अंतर जायचं आणि त्याच रोडनं माघारी यायचं. आठच्या सुमाराला वायरलेसवर निरोप आला, सतराव्या किलोमीटरपाशी एक जण पडला.

अँब्युलन्स होती, पण शेवटच्या कमानीपाशी, पाहुण्यांच्या गाड्यांमागं अडकलेली. मी मोटारसायकलवर पोचलो तेव्हा कुणी त्याचे तळपाय चोळत होतं, कुणी कांदा हुंगवत होतं. छाती कोणीच दाबत नव्हतं. मलाही तेव्हा ते येत नव्हतं, हे कबूल करतो. तोंडातून फेस आला होता आणि फेसात रक्त होतं. दवाखान्यात नेलं, डॉक्टरांनी तपासून मयत घोषित केलं.

मयत बेचाळीस वर्षांचा, बाजारपेठेत खता-औषधांचं दुकान असलेला. औषधं म्हणजे पिकावर फवारायची. त्याचा बाप पेठेतला जुना माणूस, सगळे त्याला अप्पा म्हणायचे. अप्पा दवाखान्याच्या पायरीवर पन्नास माणसांसमोर ओरडला, "माझं पोरगं घोड्यासारखं पळत होतं! हिनं औषध पाजलं त्याला. दुकानातलंच पाजलं!"

हिनं म्हणजे सुनेनं. ती खांबाला टेकून उभी होती. रडतही नव्हती, बोलतही नव्हती. लोकांना तेच खटकलं. तोवर फेसाचा व्हिडिओ अर्ध्या तालुक्याच्या मोबाईलवर पोचला होता.

तिच्या विरोधात गोष्टी होत्या. एक तर दुकानात ती बसायची, विषारी डबे तिच्या हाताखाली. दुसरं, आदल्या दिवशी दोघांचं कडाक्याचं भांडण झालेलं. शेजारणीनं जबाबात सांगितलं, "मी ह्या कानानं ऐकलं, ती म्हणली, पळून पळून मरा एकदाचं." शर्यतीत त्यानं प्यालेलं लिंबू-साखर-मिठाचं पाणीही तिनंच बाटलीत भरून दिलेलं. आणि सगळ्यात वाईट म्हणजे, स्पर्धेआधी काढून ठेवलेल्या कपड्यांसोबत ती बाटली घरी आली तेव्हा तिनं ती धुऊन टाकली.

अकस्मात मृत्यूची नोंद करून मरणोत्तर पंचनामा मी केला. कपडे, बूट, छातीवरचा नंबर, गळ्यातलं चांदीच्या डबीतलं इष्टलिंग, सगळं क्रमानं लिहिलं. मग मी मयताचा जबडा उघडला. ही माझी सवय. माझ्या बापाचा बैलांचा व्यवहार होता. बाजारात बैल कितीही देखणा असो, तोंड उघडून दात बघितल्याबिगर आम्ही दाव्याला हात लावत नसू. माणसाचंही तोंड न बघता पंचनामा बंद करणं मला जमत नाही. बरोबरचे शिपाई हसायचे. हसू दे.

खाली डाव्या बाजूची एक दाढ नव्हती. जागा ओली होती, ताजी. हिरडीला काळ्या दोऱ्याचा टाका होता आणि तो तुटलेला. रक्त तिथून आलं होतं. फवारणीचं औषध प्यालेले मयत मी डझनावारी हाताळलेत, त्यांचा वास नाकातून दोन दिवस जात नाही. इथं तो वास नव्हता. दोन्ही गोष्टी मी पंचनाम्यात घेतल्या.

पण शवविच्छेदन करणाऱ्या डॉक्टरांनी मत राखून ठेवलं. व्हिसेरा प्रयोगशाळेला गेला, हृदय तपासणीला नांदेडला गेलं. अहवाल यायला महिने लागणार. तोवर अप्पा रोज माणसं घेऊन ठाण्यात यायचा. आमचे साहेब तरुण होते, हुशार होते, पण त्यांच्यावर वरून फोन येत होते. ते म्हणाले, "जमादार, दाताचं काय घेऊन बसलात? बाटली का धुतली ते विचारा. दोन दिवसांत काही निघालं नाही तर मी गुन्हा दाखल करतो."

महिला शिपाई बसवून मी तिची चौकशी केली. दुपारी बारापासून चारपर्यंत. खरं सांगतो, बाटलीमुळं माझाही संशय तिच्यावर गेला होता. आवाज चढवला.

"बाटली का धुतली?"

"खरकटी होती म्हणून धुतली."

"नवरा मेला आणि तुला बाटली धुवायचं सुचलं?"

"हात रिकामे होते, साहेब. समोर बाटली होती."

"खरं बोल!"

"खरंच बोलतेय."

"मरा म्हणलीस का न्हाई त्याला?"

"म्हणले." तिनं पहिल्यांदा माझ्याकडं सरळ बघितलं. "त्यांचे चुलते चाळिशीत गेले, छातीच्या दुखण्यानं. म्हणून म्हणत होते, पळू नका. ऐकलं न्हाई म्हणून तसं बोलले. चार वर्षं हेच भांडण चालू हाय. आणि भांडून झाल्यावर लिंबू पण मीच पिळलं."

मी शेवटी विचारलं, "दाढ कधी काढली?"

ती गोंधळली. "कोणती दाढ?"

तिला माहीतच नव्हतं. सोंग करणारी माणसं मी ओळखतो. सोंग करणारा उत्तर तयार ठेवतो, हिच्याकडं प्रश्नच पोचला नव्हता. म्हणजे नवऱ्यानं दाढ काढली आणि बायकोपासून लपवली. दाढ लपवण्यासारखी वस्तू नाही. माझ्या डोक्यात तिथंच पक्कं बसलं की मूळ तिथं हाय.

दुसऱ्या दिवशी सकाळी बस स्टँडवर गेलो. स्टँडसमोर ज्यूस-आइस्क्रीमचं दुकान होतं, त्याचा मालक माझा जुना खबऱ्या. मी काही विचारायच्या आत तोच म्हणाला, "जमादार, तुमचा तो मयत शेठ बुधवारी हितं आला होता. नांदेडच्या गाडीतून उतरला. तोंडाला रुमाल. जन्मात कधी आइस्क्रीमला शिवला न्हाई तो माणूस, त्या दिवशी उभ्याउभ्या दोन खाल्ले."

"एकटा होता?"

"न्हाई. पळणारे सर होते सोबत."

पळणारे सर म्हणजे शाळेतले क्रीडाशिक्षक. गावात पळण्याचा गट त्यांनीच काढलेला, मयताला पळायला त्यांनीच लावलेलं. रविवारी त्यांनीच त्याचं डोकं मांडीवर घेतलं होतं. जबाबात मात्र त्यांनी सांगितलं होतं, "तब्येत ठणठणीत होती, काही तक्रार नव्हती." त्यांना ठाण्यात बोलावलं. चहा दिला. मारझोडीवर माझा कधीच भरवसा नव्हता. माणसाला खुर्ची द्यावी आणि गप बसावं.

"सर, बुधवारी नांदेडला काय काम काढलं होतं?"

"मी? मी न्हाई गेलो."

"बरं. मग आइस्क्रीमवाला खोटं बोलतो."

सरांनी चहा बशीत ओतला. मग पुन्हा कपात ओतला.

"सर, व्हिसेऱ्याचा अहवाल यायला तीन महिने लागतील. साहेब उद्याच गुन्हा दाखल करायचं म्हणतात. तुमची वहिनी तीन महिने आत राहील. तिची पोरगी तुमच्याच शाळेत हाय ना?"

सर टेबलावर डोकं टेकवून रडले. मग बोलले ते एका दमात.

दीड महिन्यापासून मयताचा डावा जबडा दुखत होता. नेहमी नाही. पळायला लागलं की तिसऱ्या-चौथ्या किलोमीटरला सुरू व्हायचं, थांबलं की पाच मिनिटांत बंद. तो म्हणायचा, दाढ किडली. बुधवारी दोघं नांदेडला दातांच्या डॉक्टरकडं गेले. त्यानं फोटो काढला आणि सांगितलं, दाढ शाबूत हाय. पळताना दुखतं आणि थांबल्यावर थांबतं, हे दाताचं नाही, हृदयाचं असू शकतं. आजच्या आज छातीची पट्टी, म्हणजे ईसीजी, काढा, तोवर पळू नका. चिठ्ठीही दिली.

"मग?"

"तो म्हणला, ह्याला काय कळतंय. पट्टी काढली तर बायकोला कळंल, ती पळणं बंद करील. पुढच्या गल्लीत दुसरा दवाखाना होता. तिथं सांगितलं, रात्रंदिवस ठणकतंय, काढा. त्या डॉक्टरनं काढली."

"आणि तुम्ही?"

"मी म्हणलो, एवढी रविवारची होऊ दे, सोमवारी पट्टी काढू." सरांनी डोळे पुसले. "मीच म्हणलो, जमादार."

"चिठ्ठी?"

त्यांनी पाकिटातून काढली. चार घड्या घातलेली. एवढे दिवस ती त्यांच्या खिशात होती आणि तिकडं एका बाईला गाव खुनी म्हणत होतं. मी आयुष्यात साक्षीदारावर हात उचलला नाही, त्या दिवशी दोन्ही हात टेबलाखाली ठेवले.

त्याच दिवशी नांदेडला जाऊन दोन्ही डॉक्टरांचे जबाब घेतले. पहिल्याच्या वहीत सगळी नोंद होती. दुसऱ्यानं काढलेली दाढ दाखवली, बारीकसा डाग सोडला तर चांगली होती. स्पर्धेचा अर्ज मागवला. त्यात छापलेलं होतं, छातीत दुखतं का? त्यानं लिहिलेलं, नाही. माझ्या मते तो खोटं बोलला नाही. त्याची छाती दुखतच नव्हती.

कागद साहेबांपुढं ठेवले. साहेबांनी ते वाचले, माझा पंचनामा पुन्हा काढून वाचला, आणि गुन्हा दाखल करायचं थांबवलं. पुढं अहवाल आले. विष नाही. हृदयाची मुख्य नस बंद. अकस्मात मृत्यूचं प्रकरण दप्तरी दाखल झालं.

कायद्यानं माझं काम तिथं संपलं होतं. पण ती बाई पोरीला घेऊन शिरूर अनंतपाळला माहेरी जाऊन बसली होती, कारण पेठेत तिच्या दुकानाकडं लोक बघून थुंकायचे. अप्पाला मी ठाण्यात बोलावलं. त्यानं अहवाल वाचून घेतला, बराच वेळ काठीशी चाळा करत बसला.

"कुठं सही करू?" तो म्हणाला.

"सही नको. दवाखान्याच्या पायरीवर पन्नास माणसांत बोललात. आता पेठेत बोला."

"जमादार, माझं वय बघा."

"बघितलं. सुनेचंही बघा."

आठ दिवस तो अडून बसला. मीही अडून बसलो. रोज सकाळी त्याच्या ओट्यावर जाऊन बसायचो, काही न बोलता. नवव्या दिवशी त्यानं स्वतः गाडी पाठवून सुनेला आणवलं. बाजाराच्या दिवशी, दुकानासमोर, लोक गोळा झाल्यावर तो म्हणाला, "मी बोललो ते खोटं होतं. माझ्या पोराला आजार होता. हिनं काही केलं न्हाई. हिचं ऐकलं असतं तर तो जिता असता."

सून ऐकत उभी होती. तिनं सासऱ्याकडं बघितलं, मग माझ्याकडं वळली.

"जमादार, तुम्ही बी दहा येळा म्हणला होता, खरं बोल."

मी वर्दीत होतो. चाळीस-पन्नास माणसं बघत होती. नोकरीत मी साहेबालाही चुकलो म्हणालो नव्हतो.

"हाव, म्हणलो," मी बोललो. "तू खरंच बोलत होतीस. मी चुकलो."

तिनं मान हलवली, दुकानाचं शटर वर केलं, आणि सासऱ्याला म्हणाली, "अप्पा, आत बसा. ऊन लागंल."

पुढं त्या गावात स्पर्धा परत झाली. सरांनीच घेतली, पण वाटेत दर तीन किलोमीटरला छाती दाबायचं शिकवलेली माणसं उभी केली. ते दाबणं मीही शिकलो, ठाण्यातल्या सगळ्यांना शिकायला लावलं. तपासाचंही एक शिकलो. बाई रडली नाही, भांडी धुतली, रागात वाईट बोलली, यातलं काहीच गुन्हा नाही. मयताचं तोंड मी कुणी न सांगता उघडून बघितलं. जित्या बाईचं बोलणं ऐकायला मात्र मला दोन दिवस लागले. पळणाऱ्यांना एवढंच सांगतो. जबडा असो, खांदा असो, नाहीतर पोटाचा वरचा भाग, कष्ट केल्यावर दुखायला लागलं आणि थांबल्यावर थांबलं, तर त्या दिवशीची शर्यत सोडा आणि आधी पट्टी काढा. घरचं माणूस आडवं येत असंल तर येऊ द्या.