तिसऱ्या रविवारचं गाजर

एवन टेलफरने आयुष्यात किती ससे मारले हे त्यालाही ठाऊक नव्हतं, आणि कुणी विचारलंच तर तो त्याला मूर्खात काढी. ओटागोच्या उघड्याबोडक्या डोंगरांत ससा म्हणजे गोंडस जीव नव्हे, कीड. दहा ससे एका मेंढीचं गवत फस्त करतात, आणि मेंढीवर अख्खं खोरं जगतं. म्हणून तिथल्या शेतकऱ्यांच्या मंडळाने एवनला पगारावर ठेवलं होतं. चाळीस वर्षं त्याने सापळ्याने मारले, बंदुकीने मारले, कुत्री सोडून मारले, बिळात धूर कोंडून मारले आणि विषाने तर डोंगरच्या डोंगर रिकामे केले. जखमी ससा हाती आला की डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच त्याची मान मोडलेली असे. त्याची बायको एल्स्पेथ म्हणायची, मी लग्नात माणसाला हो म्हटलं होतं, खाटकाला नाही. पुढे ती वारली, तो निवृत्त झाला आणि सापळे पडवीत गंजत पडले.

अशा माणसाच्या घरी एप्रिल महिन्यात त्याची मुलगी रोना आली. डावा हात प्लास्टरमध्ये, उजव्या हातात पिंजरा आणि पिंजऱ्यात पेगी नावाची करडी सशीण.

"या घरात ससा कातडीसकट कधी राहिलेला नाही," एवन म्हणाला.

"मग आता राहील," असं म्हणून रोनाने पिंजरा सरळ जेवणाच्या टेबलावर ठेवला.

हात कसा मोडला ते त्याने विचारलं नाही. दोन वर्षांपूर्वी ती अशीच आली होती, तेव्हा तिचा ओठ फाटलेला होता. तेव्हा एवनने तिला चहा पाजला, दोन शब्द सांगितले आणि दुसऱ्या दिवशी स्वतःच्या गाडीने तिला नवऱ्याच्या दारात नेऊन सोडलं. नवरा ब्रेंट, ट्रॅक्टर विकणारा, जिभेवर साखर ठेवून बोलणारा. गोगलगाय नि पोटात पाय. त्या परतीच्या वाटेबद्दल बापलेक पुन्हा कधी बोलले नाहीत. या खेपेला मात्र एवनने मनाशी पक्कं केलं होतं की पोरगी परत जाता कामा नये. पण हे बोलायचं कुठल्या तोंडाने? एकदा आपणच पोचवून आलेला माणूस दुसऱ्यांदा 'जाऊ नकोस' म्हणायला लागला तर त्याचं कोण ऐकणार?

म्हणून तो बोलला ते पेगीच्या खाण्याबद्दल. रोना तिला मायेने पाव भरवी, बिस्किटं भरवी, गाजरं तर येता-जाता. सशीण फुगली होती, बूड घाणीने माखलेलं, दात वाढून वाकडे झालेले. तिसऱ्या दिवशी एवनच्याने राहवेना.

"तू मारते आहेस तिला," तो म्हणाला. "आणि मारण्यातलं मला कळतं."

त्याने हजारो सशांची पोटं फाडलेली होती. निरोगी सशाच्या पोटात बारीक दळलेलं गवत असतं, हे त्याला पुस्तक न वाचता माहीत होतं. दुसऱ्या दिवसापासून पेगीचा कारभार त्याने हातात घेतला. तिच्या अंगाएवढा वाळल्या गवताचा ढीग रोज तिच्यापुढे हवाच, कारण दात झिजतात ते गवताने. लसूणघास नाही, तो पिल्लांना. मोठ्या सशाच्या मूत्राशयात त्याने खडे होतात. शेजाऱ्याने दिलेलं गवताचं पोतं त्याने हुंगून परत केलं, बुरशीचा वास येतो म्हणून. मूठभर हिरवा पाला, चढावर माजलेल्या रानथाइम या वासाच्या झुडपाचे शेंडे, कुरतडायला विलोच्या झाडाच्या काड्या. पाव आणि बिस्किटं त्याने एकदम तोडली नाहीत, दोन आठवडे लावून कमी केली. खाणं झटक्यात बदललं तर सशाचं पोट थांबतं, आणि पोट थांबलेला ससा दीड दिवसही काढत नाही. गाजर? अंगठ्याएवढं, आठवड्यातून दोनदा. त्यावर एक चकतीही नाही.

रोना हसायची. जन्मभर यांचा काळ झालास आणि आता यांच्यासाठी पाला खुडतोस, म्हणायची. पेगीचं बूड स्वच्छ झालं, अंगावर चकाकी आली आणि एवनची चाहूल लागली की ती मागच्या पायांवर उभी राहू लागली. त्याला ते आवडायचं, आणि आपल्याला आवडतं याचा रागही यायचा.

मग एका रविवारी ब्रेंट आला. टोपी हातात घेऊन, ओसरीच्या पायरीवर बसून, रडवेल्या आवाजात बोलला. पेगीसाठी पाल्यासकट गाजरांची जुडी घेऊन आला होता. तासाभरात निघून गेला, रोनाच्या अंगाला बोटही लावलं नाही. दुसऱ्या रविवारी पुन्हा आला, पुन्हा जुडी. मोडकं फाटक त्याने नीट केलं, रोनाला हसवलं. संध्याकाळी रोनाच्या बोटात अंगठी परत आली होती, आणि पुढच्या रविवारी आपण त्याच्याबरोबर जाणार असं तिने भांडी घासणाऱ्या एवनला सांगितलं.

एवनने ओला हात विजारीला पुसला. तो बोलणारा माणूस नव्हता, पण त्या दिवशी बोलला. विषाचं गाजर पहिल्या दिवशी कधीच टाकायचं नसतं, त्याने सांगितलं. उतारावर नांगराने चर ओढायचा आणि त्यात स्वच्छ गाजराचे तुकडे टाकायचे. ससे बिचकतात, मग खातात. चार दिवसांनी पुन्हा स्वच्छ गाजर. आता बिचकत कोणी नाही, पिल्लांसकट येतात. विष तिसऱ्या खेपेला. सकाळी चराच्या दोन्ही बाजूंना मढ्यांची रांग असते, आणि काहींच्या तोंडात तुकडा तसाच.

"मी ससा नाही, बाबा."

"नाहीस म्हणूनच सांगतोय. सशाला सांगणारं कोणी नसतं."

रोना चिडली. तुला जगात मारण्याशिवाय काही दिसतच नाही, म्हणाली. माणसं बदलतात, तूच बघ, ससे सोलायचास आणि आता गवत हुंगून निवडतोस. एवनने शेवटची ताटली विसळून पालथी घातली. मग म्हणाला, "ठीक. रविवारी त्याला फक्त एवढं सांग, की पेगीला गाजर अंगठ्याएवढंच द्यायचं. कारण सांगू नकोस, माफी मागू नकोस. त्याने जुडी बाजूला ठेवली तर तुझी बॅग मी स्वतः गाडीत ठेवीन."

"गाजरावरून कोण चिडतं?"

"कुणीच नाही," एवन म्हणाला.

तिसऱ्या रविवारी ब्रेंट ओसरीवर बसला, मांडीवर जुडी, शेजारी पेगीचा पिंजरा. रोनाची बॅग दाराशी. एक गाजर पेगीने अर्धं कुरतडलं तशी रोना म्हणाली, आता पुरे, तिला जास्त सोसत नाही. तो हसला आणि त्याने दुसरं काढलं. तिने पुन्हा सांगितलं. तो पुन्हा हसला, पण दात न दाखवता. "सासरेबुवांची शिकवण वाटतं? जन्म गेला ससे सोलण्यात, आणि आता पथ्यपाणी सांगताहेत."

"आज एवढंच, ब्रेंट," रोनाने जुडी उचलून बाजूला ठेवली.

त्याचा आवाज चढलाही नाही. त्याने पेगीला कान धरून पिंजऱ्याबाहेर ओढलं, जबडा दाबून गाजर आत कोंबलं आणि म्हणाला, "खा." सशिणीने मागचे पाय झाडले. त्याचा हात मनगटापासून कोपरापर्यंत फाटला. त्याने तिला उचलून फळ्यांवर आपटलं आणि त्याच झपाट्यात रोनाचा प्लास्टरमधला हात धरून पिरगळला. जुळत आलेलं हाड पुन्हा मोडल्याचा आवाज झाला. तिची किंकाळी समोरच्या चढापर्यंत गेली.

एवन दाराआड कुदळीचा दांडा घेऊन उभा होता. सकाळपासूनच उभा होता. पहिला तडाखा ब्रेंटच्या कोपरावर बसला, दुसरा बरगड्यांवर. ब्रेंट पायरीवरून खाली कोसळला तरी दांडा थांबेना. गुडघा, खांदा, पुन्हा बरगड्या. कुठे मारलं की काय मोडतं हे त्या हातांना चाळीस वर्षं पाठ होतं. आणि खरं सांगायचं तर एवनला त्यात सुख लागत होतं. ब्रेंट तोंडातून रक्त ओकत 'नको, नको' म्हणत होता, आणि ते ऐकून एवनला जोरच चढत होता. "बाबा, पुरे," रोना दोनदा ओरडली, तेव्हा कुठे तो भानावर आला. तिसऱ्यांदा तिला ओरडावं लागलं असतं तर ब्रेंट तिथेच संपला असता.

पेगीचं कंबरडं मोडलं होतं. पुढच्या दोन पायांनी ती स्वतःला गवताच्या ढिगाकडे ओढत होती. एवनने तिला उचललं, तिच्या डोळ्यांवर तळवा ठेवला आणि एका झटक्यात सोडवलं. मग ओसरीवर बसून तो हुंदके देऊन रडला. चाळीस वर्षांत मान मोडल्यावर तो पहिल्यांदाच रडत होता.

ब्रेंटला रुग्णवाहिका घेऊन गेली. लव्हेल नावाचा हवालदार स्वयंपाकघरात टेबलाशी बसला. रोनाचा हात तात्पुरता बांधला होता, पण जबानी दिल्याशिवाय मी इस्पितळात जाणार नाही, असं तिने निक्षून सांगितलं. एवन हातकड्या पडायच्या तयारीत, ताठ बसला होता. उद्या तुरुंग लागला तरी चालेल, आपण लेकीला वाचवलं, हे त्याच्या चेहऱ्यावर स्पष्ट होतं. हवालदाराने हळूच विचारलं, वडिलांना बाहेर पाठवू का?

"नको. बसू दे त्यांना. ऐकू दे."

मग तिने सांगितलं. पहिली थप्पड सूप थंड होतं म्हणून. मग चिमटे, दाराच्या फटीत दाबलेली बोटं, एका नाताळात मोडलेली बरगडी, जिचं नाव डॉक्टरकडे घसरून पडणं असं ठेवलं. दोन वर्षांपूर्वीचा फाटलेला ओठ, जो घेऊन ती याच घरी आली होती. आज काय बोलायचं ते वडिलांनी शिकवलं होतं आणि ते दाराआड दांडा घेऊन उभे होते, हेही तिने सांगितलं. माझा हात मोडेपर्यंत ते थांबले, असं म्हणताना तिने आवाज वाढवला नाही. एवनची मान खाली जात गेली.

लव्हेलने पान उलटलं. "दोन वर्षांपूर्वी ओठ फाटला तेव्हा तुम्ही इथे आला होतात. तेव्हा वडील काय म्हणाले?"

रोनाने बापाकडे पाहिलं. "तूच सांग, बाबा."

एवनने पाण्याचा पेला उचलला आणि न पिता खाली ठेवला. "मी म्हणालो," तो म्हणाला, "त्याला राग येईल असं तू काहीतरी केलं असशील."

लव्हेलने ते वाक्य त्याच्या शब्दांत लिहून घेतलं आणि खाली सही करायला कागद त्याच्यापुढे सरकवला.