वैनीच्या शिंका आन् मागाचा खड्डा

शहापुरात आमच्या गल्लीत घरटी एक हातमाग. माग चालला की सुताचं तूस उडतंय आन् कुठंबी जाऊन बसतंय. किस्से बी तसंच. कुणी गोळा करत न्हाय, आपोआप साचत्यात. गेल्या वर्साचे तर सगळे आमच्याच घरचे, आन् सगळे शिंकेपायी.

माझ्या थोरल्या भावाचं, अण्णाचं, लगीन झालं. वैनी निपाणीची. आली आन् तिसऱ्या दिवशी शिंकायला लागली. मी तवा अनगोळला मावशीकडं गेलतो. पण मास्तरांच्या रुमालात तपकीर घातली म्हणून माझं नाव पाचवीतनं आधीच कटलं होतं. परत येऊन उंबऱ्यात पाय टाकतोय तवर आप्पांनी, म्हंजे आमच्या वडलांनी, कानाखाली काढली.

"आप्पा, मी घरातच नव्हतो की."

"तेच म्हणतोय. लांब जाऊन बसलं की संशय येत न्हाय, एवढं कळतंय तुला."

*

माझ्यावरनं संशय उठला तो थेट वैनीच्या ट्रंकेवर बसला. तिचे वडील निपाणीला तंबाकूच्या वखारीत. तवा पोरगी तपकीर घेऊनच आली असणार, असं आईचं मत. वैनी पाण्याला गेल्यावर आईनं मला ट्रंक उघडायला लावली. कुलूप उघडायला तार पुरते, हे घरात मलाच ठावं.

तपकीर न्हाय. मोरावळ्याची बरणी होती. नीट तपासायला म्हणून मी निम्मी खाल्ली.

वैनीनं संध्याकाळी इचारलं, ट्रंक कुणी उघडली? आई म्हणली, मांजर शिरलं असंल.

वैनी शांतपणं म्हणली, "आत्याबाई, तुमचं मांजर कुलूप परत लावून जातंय व्हय?"

*

मग शिंकांमागनं धाप लागायला लागली. चार पावलं चालली की वैनीची छाती वाजायची. अण्णा तिला क्यांपातल्या डाक्टरकडं घेऊन गेला, संगट आई. डाक्टरनं नळी लावली, घरात माग हाय का इचारलं, आन् सांगितलं की कोरडं झाडू नका, ओलं फडकं फिरवा, गाद्या उन्हात घाला, तूस साचू देऊ नका.

आई वाटभर धुसफुसत आली. बाटली न्हाय, पुडी न्हाय, सुई न्हाय.

"ह्यो डाक्टर हाय का म्युनसिपाल्टीचा मुकादम? घर झाडा म्हणतोय."

*

तरी गादी झटकायचं आईनं मनावर घेतलं. पण नव्या सुनंची गादी चार दिवसांत उन्हात दिसली तर गल्ली काय म्हणंल? भर दिवसा गादी का वाळत घातली, ह्यावर बायका म्हैनाभर बोलतील. म्हणून आईनं दार लावलं, खिडकी लावली, आन् मागाच्या खोलीतच गादीला काठीनं बडवलं.

आई शिंकली, मी शिंकलो, अण्णा शिंकला. कधी न शिंकणारे आप्पा मागावर बसल्या जागी सात शिंकले. डोळं पुसत मला म्हणले, "बाळ्या, आता माझ्यावरबी कुणीतरी करणी केली रं."

*

आईला अजून एक संशय. पोरगीला माहेरी जायचं असंल, म्हणून सोंग करत असंल. मला पाळतीवर ठेवलं. मी इमानदारीत भिंतीवर कोळशानं रेघा वढल्या. विहिरीवर एकबी शिंक न्हाय. देवळात न्हाय. चुलीपुढं दोन. मागाच्या खोलीत सुताच्या कांड्या भरताना अकरा.

मला वाटलं, आता आईला कळंल कुठं दुखतंय ते. आईनं रेघा बघितल्या आन् म्हणली, "बघ, कामाला बसली की शिंकती. कामचुकार हाय."

आन् माझ्याच हातनं निपाणीला कार्ड लिवून घेतलं, की तुमची पोरगी दमेकरी हाय, येऊन घेऊन जावा. आमच्या गल्लीत दम्याच्या नावानं माहेरी गेलेली सून परत आलेली मी तरी बघितली न्हाय. अण्णानं कार्ड वाचलं. जेवला न्हाय.

*

आमचा माग खड्ड्याचा. विणणारा पाय खड्ड्यात सोडून बसतोय, आन् समदं तूस त्यातच पडतंय. तो खड्डा दसऱ्याला, मागाच्या पूजेआधीच झाडायचा. मधी झाडला तर बरकत जाती, हा आप्पांचा कायदा.

दुसऱ्या दिवशी आप्पा सूत आणायला बाजारात गेले आन् अण्णा नाकाला फडकं बांधून, ओलं गोणपाट घेऊन खड्ड्यात उतरला. बाप्या माणूस झाडतोय म्हणून आई दार लावायची, तूस भाईर जावं म्हणून अण्णा उघडायचा. तुसाच्या पाच पाट्या भरून निघाल्या. समोरच्या घरातली माणसं पाट्या बघायला पायरीवर येऊन बसली.

आप्पा आले. खड्ड्यात वाकून बघितलं.

"बरकत कुठं टाकलीस?"

"उकिरड्यावर," अण्णा म्हणला.

आप्पा चार दिवस त्याच्याशी बोलले न्हाईत. अण्णा चारी दिवस रोज सकाळी ओलं गोणपाट घेऊन उतरला. वैनीचं अंथरूण त्यानं पडवीत हलवलं, गादी उन्हात टाकली, गल्लीच्या डोळ्यांदेखत. वैनीची छाती वाजायची थांबली. पण कार्ड तर गेलं होतं.

*

पाचव्या दिवशी सकाळी वैनीचे वडील सर्व्हिस मोटारीनं आले. परतीच्या दोन शिटा सांगून आलोय, एक माझी एक पोरीची, असं म्हणतच आले. दारात उभं राहून बघत्यात, तर पोरगी मजेत कांड्या भरतीया आन् जावई नाकाला फडकं बांधून खड्ड्यात झाडतोय.

त्यांचा चेहराच उतरला. आईला बाजूला घेऊन हळूच म्हणले, "व्हीनबाई, जावई झाडाय लागलाय म्हंजे पोरीचं दुखणं लई मोठं असणार. मला खरं काय ते सांगा."

वैनीनं हातातली कांडी खाली ठेवली. आप्पांनी चार दिवसांत पयल्यांदाच अण्णाकडं बघितलं. समोरच्या पायरीवरनं समदी माना काढून ऐकत होती.

आईनं दार लावलं न्हाय. तिथनंच पायरीपतोर ऐकू जाईल अशी म्हणली,

"पोरीला कायबी झालेलं न्हाय. माग आमचा, मळ आमचा, आन् झाडणाराबी आमचाच. तुम्ही एका शिटंवर जावा."