रेघेबाहेर सांडलेला रंग

कमळाबेन तव्यावर खाखरा दाबत होत्या. डब्यातलं पीठ तळाला गेलेलं, पण घरघंटी कोपऱ्यात मुकीच. ती लावली की ठसे कोरायचं मशीन चुकतं, असा त्यांच्या नवऱ्याचा, मफतभाईंचा संशय. म्हणून महिनाभर घरात ना मिक्सर, ना पंखा. शेजारीण विचारायची, "कमळाबेन, मशीनचं सुतक पाळताय का?" एवढं करून मशीन चुकायचंच.

मफतभाई पेठापुरात कापडावर छापायचे लाकडी ठसे कोरत, फुलाच्या रेघेचा वेगळा, रंगाचा वेगळा. काचबिंदूने डोळे अधू झाले, तेव्हा त्यांनी सुटे भाग जोडून घरातच छोटं सीएनसी मशीन उभं केलं. संगणकाने सांगितलेली नक्षी ते लाकडात कोरी. तुकड्यावर चाचणी घेतली की शहाण्यासारखं वागे. खरा ठसा लावला की मधेच केसभर सरके. तेही रोज नाही. मफतभाईंनी स्क्रू आवळले, पट्टा बदलला, वायरी तपासल्या, अर्थिंग नवं केलं. चार दिवस बरे जात. कमळाबेन देवापुढे साखर ठेवत, आणि पुन्हा तेच.

दारावर थाप पडली. रात्रीच्या बसने कच्छहून जुसबभाई खत्री आले होते, कापड छापणारे. मफतभाईंचं उरलेलं एकच गिऱ्हाईक. चहाला नको म्हणत त्यांनी कापड उलगडलं. फुलांच्या रेघा एकीकडे, रंग भलतीकडे.

"काका, हे फूल आहे की मार खाल्लेलं थोबाड?"

मफतभाईंनी कापड डोळ्यांशी नेलं. "रेघेचा ठसा जरा डावीकडे गेला होता. म्हणून रंगाचाही मी तेवढाच डावीकडे घेतला. हाताने कोरताना असंच सांभाळून घ्यायचो."

"मग?"

"मग मशीन आपणहून आणखी तेवढंच सरकलं."

जुसबभाईंना हसू फुटलं, आणि लगेच विरलं. "आजोबांपासून तुमच्याच घरचे ठसे आमच्याकडे. पण आता मी ठसे सोडून स्क्रीनने छापायचं ठरवलंय, काका."

"कुणा जाणत्याला एकदा दाखवू या ना," कमळाबेन चुलीपासून म्हणाल्या.

"दाखवलं की. पाहुणे आले की ते नव्या सुनेसारखं वागतं. आता नाही व्हायचं ते, कमळा."

तव्यावरचा खाखरा करपला. मफतभाईंनी कापडाची घडी घालून ती जुसबभाईंच्या हाती दिली.

"जुसब, एवढं कर. कुणी विचारलं तर मफतने काम सोडलं म्हण. त्याचे ठसे जुळत नाहीत, असं सांगू नकोस."