सुजाताताईंच्या फ्लास्कवरचं नाव

सुजाताताई काल गेल्या. त्यांच्या पेशी अजून जिवंत आहेत.

विचित्र वाटेल, पण आमचं कामच तसं. चाकणजवळच्या आमच्या छोट्या लॅबमध्ये औषधांच्या चाचण्यांसाठी पेशी वाढवतात. ताई तिथल्या हेड.

काल सकाळी हार्ट अटॅक. हॉस्पिटलपर्यंतही पोचल्या नाहीत.

त्यांची बोलणी आम्ही सगळ्यांनी खाल्लीत. मी जरा जास्तच.

हूडमध्ये, म्हणजे त्या निर्जंतुक हवेच्या काचेच्या कपाटात, हात असताना गप्पा नाहीत. एकीची मीडियाची, म्हणजे पेशींच्या खाद्याची, बाटली दुसरीने वापरायची नाही. आणि पेशींच्या फ्लास्कवर नाव त्याचंच, ज्याने शेवटचा हात लावला.

ताई म्हणायच्या, "साहेबाचं नाही, माझं नाही. हात लावला त्याचं. उद्या बिघडलं तर विचारायचं कुणाला?"

एका खंडेनवमीला ताई रजेवर होत्या. अख्ख्या एमआयडीसीत मशीनला हार, मग आमचा इन्क्युबेटरच बिनहाराचा का? पेशी ठेवायच्या त्या उबदार कपाटाला आम्ही झेंडू, हळद-कुंकू, सगळं साग्रसंगीत केलं.

आठवड्याभरात फ्लास्कमध्ये बुरशी.

ताईंचं कित्येक महिन्यांचं काम होतं त्यात. मी म्हटलं, "ताई, हे दोन स्वच्छ दिसतायत. ठेवूया ना."

"दिसतायत गं. आहेत का?"

सगळं ब्लीचमध्ये गेलं. क्लायंटला फोन त्यांनीच केला. आमच्यापैकी कुणाचंही नाव घेतलं नाही.

पुढच्या वर्षी वाटलं, पूजा बंद. तर ताईंनीच दाराबाहेर टेबल मांडलं. जुनी पिपेट, हार, पेढे.

ॲडमिनचे गायकवाड काका कुरकुरले, "देवाला भाईर बसवताय व्हय मॅडम?"

ताई देहूरोडच्या. म्हणाल्या, "काका, आमचे अण्णा दारूगोळ्याच्या फॅक्टरीत होते. काडेपेटी रोज गेटवर काढून ठेवायचे. त्यांना कधी अपमान वाटला नाही. मग झेंडूला का वाटावा?"

काकांनी दोन पेढे घेतले.

आज सकाळी ताईंना पोचवून आलो. घरी अंघोळ केली आणि लॅबला गेले.

सुट्टी होती. पण ताईंचा फ्लास्क गच्च भरला होता. आज पेशी नव्या फ्लास्कमध्ये हलवल्या नसत्या तर मेल्या असत्या.

जुन्यावर त्यांच्या अक्षरात 'एस. के.' आणि परवाची तारीख.

काम झालं. नव्या फ्लास्कवर मार्कर टेकवला आणि हात थांबला. मला 'एस. के.'च लिहायचं होतं. एकदाच. कुणी विचारलं नसतं.

ताईंनी विचारलं असतं.

माझं नाव लिहिलं.

जुना फ्लास्क आठवण म्हणून घरी न्यावासा वाटला, फार वाटला. तोही ब्लीचमध्ये टाकला. मग बाहेर येऊन पोटभर रडले. हूडसमोर नाही.

ताई, पेशी ठीक आहेत. आता त्यांची काळजी आमच्याकडे.

मनापासून निरोप.