पंगतीतली जागा

अमरावतीच्या कापूसबाजारात, वडाच्या झाडाखाली, एक भडभुंजीण बसत असे. या सगळ्या हकिकतीत मला मदत केली ती तिनं एकटीनं, म्हणून आधी तिचं सांगतो. ती माझ्याशी कधी गोड बोलली नाही. मी दिसलो की तिच्या कपाळाला आठी पडे, आणि जवळ गेलो की ती झारा तापल्या वाळूत असा खुपसे की चार कढत दाणे उडून माझ्या पायावर यावेत. तरीही चारचौघांत माझ्यासाठी तिनं जे केलं, ते दुसऱ्या कुणी केलं असतं असं मला वाटत नाही.

मी प्रवरेकाठचा. आईबाप माझ्या जन्माआधीच ख्रिस्ती झालेले. मिशनच्या आवारात वाढलो, तिथल्याच शाळेत चार अक्षरं शिकलो. वडील गेले आणि शाळा सुटली. पुढं वऱ्हाडात कापसाला सोन्याचा भाव आल्याची बातमी आमच्याकडं पोचली, तसा मी एका तांड्याबरोबर निघालो. वाटेत तापानं पडलो, तेव्हा अनोळखी माणसांनी मला गाडीत टाकून आणलं, पाणी पाजलं. त्यांची तोंडंसुद्धा मला आठवत नाहीत. देवानं राखलं एवढं मात्र मनात घट्ट बसलं, आणि त्याबरोबर एक धास्तीही बसली, की हे उपकार फेडले नाहीत तर ते परत घेतले जातील.

काम मिळालं एका गोऱ्या व्यापाऱ्याच्या आवारात. कापसाचे गठ्ठे दाभणानं शिवायचे. दूर कुठल्या मुलखात गोऱ्या लोकांची आपसांत लढाई जुंपली होती, म्हणून इथल्या कापसाला ही किंमत, असं आवारातले लोक सांगत. खरंखोटं त्यांनाच ठाऊक. मला दिसत होत्या त्या परकोटाबाहेर लागलेल्या गाड्या, बैलांच्या शिंगांना चांदीच्या शेंब्या, आणि हवेत सदा तरंगणारे कापसाचे तंतू. ते भाकरीत सापडत, पापण्यांना चिकटत. ज्याच्याकडं काळी जमीन होती त्यानं ज्वारी सोडून कापूस पेरला होता. मग ज्वारी महागली, आणि ज्याच्याकडं जमीनच नव्हती तो रस्त्यावर आला.

बाजाराच्या कडेला अशी माणसं पडलेली असत. सरकी काढायचा रेचा फिरवून फिरवून हात गेलेल्या बाया, गाडीखाली पाय सापडलेले गाडीवान, मरीच्या साथीत घरदार गेलेले. एका शेटजीनं वखारीपुढं सदावर्त घातलं होतं. दुपारी तिथं पंगत बसे आणि पळसाच्या पानावर खिचडी पडे. जे पोट होतं ते त्या खिचडीवर होतं.

गोऱ्याचं आवार असल्यानं रविवारी मला सुटी असे. मला कुणी पाठवलं नव्हतं. पाद्रीसाहेब वर्षातून कधीतरी घोड्यावरून येत आणि जात. मी आपला स्वतःहून त्या माणसांत जाऊन बसू लागलो. कुणाचा पाय धुवायचा, कुणाचे पिकलेले केस कातरायचे, आणि कुणी ऐकलंच तर माझ्याजवळच्या लहानशा पुस्तकातलं एखादं पान बोट ठेवून वाचायचं, असा माझा बेत असे.

कुणी जवळ येऊ देत नसे, कुणी ऐकत नसे.

"आला पाहा साहेबाचा सोयरा," असं एक लंगडा गाडीवान मला पाहताच म्हणायचा. त्या लोकांत त्याचा शब्द चाले. "काय बे, आज किती जन बाटोले?"

"मी कुणाला बाटवायला येत नाही, दादा."

"मंग काहून येतं? आमच्या उवा मोजाले?"

सगळे हसत. माझ्या बोलण्याचीही नक्कल होई. मी 'मला' म्हटलं की दुसऱ्या टोकाहून कुणीतरी नाकातून "मऽला, मऽला" करी. एकदा कुणीतरी शेणाचा गोळा मारला, तो पुस्तकावर बसला. ते मी सदऱ्यानं पुसलं आणि तिथंच बसून राहिलो. धीर होता म्हणून नव्हे. उठलो तर पळाला म्हणतील, ही भीती होती.

त्या गाडीवानानं मला पहिल्याच दिवशी विचारलं होतं, "तू कोन?"

"ख्रिस्ती."

"थे झालं. आधी कोन होता?"

आईनं लहानपणापासून बजावलेलं, की या प्रश्नाला उत्तर द्यायचं नाही. आपण आता ते नाही. मी गप्प राहिलो. त्या गप्प राहण्यानं माझं जेवढं नुकसान केलं तेवढं शिव्यांनी केलं नाही. कुठल्याही जातीचं नाव घेतलं असतं तर माझ्यापासून किती लांब बसायचं ते त्यांना कळलं असतं. तसा त्यांच्यात नेम होता. रस्त्यावरसुद्धा कोण कुठं निजणार हे ठरलेलं होतं. माझं मात्र माप कुणालाच ठाऊक नव्हतं. म्हणून सगळेच जास्तीत जास्त लांब सरकत.

सरकत नव्हती ती एक बुढी. बाळापूरकडची. हातांची बोटं वाकडी झालेली, छातीत कापूस बसून खोकला लागलेला. तिचा मुलगा कापसाच्या गाड्यांबरोबर खामगावकडं गेला होता, तो परतला नव्हता. "याच झाडापाशी बस, असं सांगून गेला थो," ती म्हणायची. "मी हालली त कुठं पाहीन थो मले?" वखारीच्या ओट्याला लागून तिची जागा होती. पंगतीत जो बसे त्यालाच त्या ओट्याखाली निजू देत, असा वखारीचा रिवाज होता.

एका रविवारी मी ज्वारीची आंबील करून गाडग्यातून नेली. मला वाटलं, पुस्तक नको तर नको, पण भुकेल्याला आंबील कोण नाही म्हणेल? आता हे लिहिताना मला माझंच नवल वाटतं. पण मी मिशनच्या आवारात वाढलेला. आमच्याकडं एकच रांजण, एकच ओगराळं, ज्याला तहान लागेल त्यानं बुडवून प्यावं. शिजलेलं अन्न कुणाच्या हातचं घ्यावं आणि कुणाच्या नाही, हे मी ऐकून होतो, अंगात भिनलेलं नव्हतं. इतर कुणाही मराठी माणसाच्या पोराला जे न शिकवता कळतं, ते मला शिकवूनही कळलं नसतं.

आंबील निवू नये म्हणून गाडगं भडभुंजिणीच्या भट्टीशेजारच्या राखेवर ठेवू का, असं मी विचारलं.

"ठेव. पन भट्टीले टेकवू नको," ती म्हणाली. "आन् माह्या गिऱ्हाइकाच्या वाटेत उभा राहू नको. तुहं तोंड पाहून फुटाने बी फुटत नाईत."

कुणी आंबील घेतली नाही. गाडीवान गाडग्याकडं पाहून थुंकला. थोड्या वेळानं बुढी काठी टेकत भट्टीपाशी आली. ताप होता तिला, डोळे लाल होते. तिनं इकडं तिकडं पाहिलं आणि करवंटी पुढं केली. मी ओतली. ती प्याली, पुन्हा करवंटी पुढं केली.

"मीठ कमी हाय रे बाबू," एवढंच म्हणाली.

घरी जाताना मी रस्ताभर देवाचे आभार मानत गेलो.

पुढच्या रविवारी गेलो तेव्हा ओट्याखालची तिची जागा रिकामी होती. बुढी रस्त्यापलीकडं, गाड्यांच्या बैलांचं शेण पडतं तिथं, उन्हात पडली होती. पंगतीतून तिला उठवलं होतं. इतके दिवस ती कशावर जगली असेल, कोण जाणे. मी आणलेली भाकर पुढं केली तर तिनं हात मागं घेतला.

"आता कशाला घाबरता? मी रोज आणून देईन, माय. सुटी नसली तरी आणीन," मी म्हणालो.

"तू उद्या निंगून जाशीन," ती शांतपणे म्हणाली. "पंगत राहीन. आन् माहा पोट्टा आला त ओट्याखाली पाहीन, का शेनात?"

दुपार झाली होती, पानं मांडली जात होती. मी तसाच वखारीपुढं गेलो आणि वाढणाऱ्याला हात जोडले.

तो कढईवर पळी आपटत म्हणाला, "मले काय त्याचं? शेटजीले पुन्य पायजे, भांडन नाई. हे लोक म्हनतीन थे."

गाडीवान पानावर बसलेलाच होता. "थे बसली त आमी उठतो," तो म्हणाला. "किरिस्तावाच्या हातचं खाल्लं तिनं. म्या पायलं."

"भूक लागली होती तिला. आजारी आहे ती," मी म्हणालो.

"मंग ने तिले साहेबाच्या बंगल्यावर. थ्या मडमेच्या पंगतीत बसव."

हशा पिकला. मी तावातावानं बोलत सुटलो. काय बोललो ते आठवत नाही, पण देवापुढं सगळे सारखे असं काहीतरी असावं, कारण त्या शब्दांबरोबर अर्धी पंगत उठून उभी राहिली. कुणीतरी माझ्या सदऱ्याला धरलं. तिच्यासाठी मी तोंड उघडीन तितकी तिची जागा लांब जाईल, हे मला तेव्हा दिसलं.

तेवढ्यात भडभुंजीण आली. हातात झारा तसाच, पदर खोचलेला.

"काय गोंधय हाय हा? माह्या गिऱ्हाइकाले रस्ता नाई राह्यला."

वाढणाऱ्यानं सांगितलं.

"आंबील?" ती म्हणाली. "थे त माही होती."

सगळे तिच्याकडं पाहू लागले.

"माह्या भट्टीपाशी कोन्या दुसऱ्याची आंबील राहीन? बुढीले ताप होता, म्या देल्ली. माह्या हातानं देल्ली. हा बाजूले उभा होता, रोज राह्यते तसा, बुजगावन्यावानी."

"म्या पायलं," गाडीवान पुन्हा म्हणाला, पण आवाज उतरला होता.

"तू काय पायलं? थ्या टायमाले तू गाडीखाली घोरून राह्यला होता. तुह्या तोंडावरच्या माश्या म्या मोजल्या." मग ती माझ्याकडं वळली. "सांग रे. कोनाची आंबील होती?"

मी तिथं बसून जेवढं वाचलं होतं त्यात खोटं बोलू नये हे कितीदा आलं असेल. तोंड उघडून खरं सांगितलं तर बुढी शेणात मरणार. खोटं सांगितलं तर माझं पुस्तक मीच चिखलात टाकणार. मी भडभुंजिणीच्या झाऱ्याकडं पाहत राहिलो.

"मुका झाला थो," ती म्हणाली. "एरवी त बंदच होत नाई."

कुणीतरी फिसकन हसलं. वाढणाऱ्यानं निवाडा केला: बुढीनं विहिरीवर आंघोळ करावी आणि पंगतीच्या शेवटी बसावं. गाडीवान पुटपुटत खाली बसला, खिचडी निवत होती. बुढी आंघोळ करून ओल्या लुगड्यानं पानावर येऊन बसली. तिनं माझ्याकडं पाहिलं नाही. नाही पाहिलं, तेच बरं झालं.

मी भट्टीपाशी जाऊन भडभुंजिणीला काही म्हणणार होतो.

"बोलू नको माह्याशी," तिनं मान वर न करता सांगितलं. "लोक पाहून राह्यले. म्या तुह्यासाठी नाई केलं. तिचा पोट्टा माह्या पोट्ट्यासंगं त्याच गाड्यायवर गेला हाय. आता इकडं फिरकशीन त झारा डोक्यात घालीन."

तिचाही मुलगा गेला आहे हे मला तोपर्यंत माहीत नव्हतं. मी कधी विचारलंच नव्हतं.

तिचं खोटं सगळ्यांनी मानलं असं नाही. मानणं सोयीचं होतं म्हणून मानलं. पण किरिस्तावाचं गाडगं तिच्या राखेत बसलं होतं, हे तर सगळ्यांनी पाहिलेलं. काही गिऱ्हाइकं तुटली. मग एका सकाळी भट्टीवरच्या तिच्या दाणे भाजायच्या मातीच्या खापरीवर कुणीतरी धोंडा घातला. मी आवाराच्या फाटकातून पाहिलं: ती तुकडे गोळा करत होती, आणि कुणाचंही नाव न घेता, सावकाश, साऱ्या बाजाराच्या सात पिढ्यांना शिव्या देत होती. मदतीला जावं म्हणून माझे पाय उचलले आणि पुन्हा थांबले. मी गेलो असतो तर त्या तुकड्यांनाही विटाळ झाला असता.

थोड्याच दिवसांत आमच्या व्यापाऱ्यानं अकोल्याला आवार घेतलं आणि शिवणाऱ्यांपैकी मला इकडं धाडलं. आता मोर्णेच्या काठी राहतो. इथंही रस्त्याकडेला माणसं पडलेली आहेत आणि इथंही मला शिव्या मिळतात. पण आता मी शिजवलेलं काही नेत नाही. कच्ची ज्वारी नेतो, सरपण नेतो, लांब ठेवतो आणि मागं सरतो. ज्याचं त्यानं शिजवावं. कुणाला पंगतीतून उठवून मला त्याला जेवू घालायचं नाही. आईला हे आवडणार नाही, मला ठाऊक आहे. देवालाही आवडतं की नाही, हे रात्री पडल्या पडल्या मी त्याला विचारतो.

परवा अमरावतीहून आलेल्या एका गाडीवानाला विचारलं. तो म्हणाला, बुढी आहे, पंगतीच्या शेवटी बसते, मुलगा आलेला नाही. भडभुंजीण आहे का, विचारलं. "हाय ना. फुटक्या मडक्याच्या बुडात भाजून राह्यली. तोंड तसंच."

अकोल्याच्या लोहारगल्लीत मी एक कढई पाहून ठेवली आहे. जाड बुडाची, दोन कानांची, धोंडा घातला तर धोंडाच फुटेल अशी. लोखंडाला विटाळ लागत नाही म्हणतात. विस्तवावर धरलं की झालं. तरी भडभुंजीण ती माझ्या हातून घेणार नाही. म्हणून एखाद्या ओळखीच्या गाडीवानाच्या हाती धाडीन, कुणाकडून आली ते सांगू नको म्हणून बजावीन. ती ओळखेल, मला शिव्या देईल, आणि मग वाळू तापत ठेवील. वर्ष लागो की दहा लागोत, ही कढई मी तिच्या भट्टीवर पोचवीन.